'ग्रेमलिन' म्हणजे वैमानिकांची गंमत की चुका झाकायची सोय?

नटबोल्ट:
फॉर्म्युला वनमध्ये गाडी अचानक बंद पडली की समालोचक हमखास म्हणणार, 'इलेक्ट्रिकल ग्रेमलिन्स'. म्हणजे नेमकं काय बिघडलं? एकदा हा शब्द उच्चारला की कोणी विचारतही नाही. शब्द ब्रिटिश हवाई दलातला. दुसऱ्या महायुद्धात विमानात विनाकारण काही बिघडलं की खापर या अदृश्य बुटक्यांवर फुटायचं. ते तारा कुरतडतात, पेट्रोल पितात वगैरे. मला विचाराल तर ही गणवेशातली भानामतीच. कारण शोधायचा कंटाळा, दुसरं काय!

दुर्बीण:
भानामती? अहो, भानामतीत घरातल्याच कुणावर तरी संशय घेतात, बहुतेकदा एखाद्या बाईवर. इथे उलट आहे. रात्रभर थंडीत इंजिनाशी झटणाऱ्या मेकॅनिकवर पायलटने डाफरायचं, त्याऐवजी 'ग्रेमलिन होता रे' म्हणायचं. संबंध टिकतात.

आणि शोध थांबला हे कुठून काढलंत? स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखातल्या मशीनगन उंचावर गोठायच्या. मग रेडिएटरची गरम हवा त्यांच्यापर्यंत नेली, नळ्यांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवल्या. पहिली गोळी पट्टी फाडून जायची. परतलेल्या विमानाची पट्टी फाटलेली दिसली की खालच्या लोकांना न सांगता कळायचं, वर गोळीबार झालाय. ग्रेमलिनच्या गप्पा मारणाऱ्याच हवाई दलाने हे केलं.

खविस४२०:
हा शब्द मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या रोआल्ड डालचा ना? तोही वैमानिक होता. डिस्नेबरोबरचं चित्रपुस्तक, 1943.

जुनी वही:
त्याने तसा दावा केला होता खरा, पण तो टिकत नाही. एप्रिल 1929 मध्ये 'एरोप्लेन' नियतकालिकातल्या एका कवितेत हा शब्द छापलेला आहे. तेव्हा डाल बारा वर्षांचा पोरगा. आणि तिथे अर्थच निराळा. भूतबीत काही नाही. हवाई दलातला खालच्या पायरीवरचा, मरमर राबणारा, कोणी न विचारणारा माणूस. व्युत्पत्तीबद्दल नुसते तर्क. कोणी जुन्या इंग्रजीतल्या 'चिडवणे' अर्थाच्या क्रियापदाकडे बोट दाखवतं, कोणी 'गॉब्लिन' आणि 'फ्रेमलिन' नावाची बिअर यांची सांगड घालतं. बिअरची गोष्ट मला मागाहून रचलेली वाटते, फार गोड आहे ती.

नटबोल्ट:
मग माझाच मुद्दा पक्का झाला की! आधी राबणाऱ्याला ग्रेमलिन म्हणायचं, मग बिघाडाला. दोष कायम खालच्याच्याच गळ्यात.

दुर्बीण:
ओढूनताणून आहे हे. बुटक्यांच्या आड पायलटचीही चूक लपायची. तीस हजार फुटांवर ऑक्सिजन कमी पडला की डोकं चालेनासं होतं, आणि चालत नाहीये हे त्याचं त्यालाच कळत नाही. उलट मस्त वाटतं. अशा माणसाने होकायंत्र चुकीचं वाचलं तर खाली येऊन काय सांगणार?

जुनी वही:
थोडं विषयांतर. अमेरिकेतल्या 'वास्प' या महिला वैमानिकांनी डालच्या गोष्टीतली, डिस्नेने चितारलेली फिफिनेला नावाची ग्रेमलिन आपलं बोधचिन्ह म्हणून घेतली. म्हणजे भूत थेट जॅकेटवर! पुढे 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियातले सर्फर नवशिक्या पोरांना ग्रेमलिन म्हणू लागले. शब्द परत माणसांवर आला.

खविस४२०:
आमच्या पिढीला 1984 च्या सिनेमातलेच ठाऊक. मध्यरात्रीनंतर खायला घातलं की हिरवे, दातवाले होतात ते. विमानाचा संबंध आज इथे कळला.

नटबोल्ट:
सिनेमा सोडा. आमच्या कारखान्यात कंट्रोल पॅनल सारखं ट्रिप व्हायचं. सर्व्हिसवाला दरवेळी हसून म्हणायचा, 'ग्रेमलिन असेल, रिस्टार्ट मारा'. शेवटी आमच्याच वायरमनला अर्थिंगचा नट ढिला सापडला. याला सोय नाही तर काय म्हणायचं?

दुर्बीण:
त्याला कामचुकारपणा म्हणायचं, साहेब. त्या सर्व्हिसवाल्याचं बिल अडवा. शब्दावर कशाला राग काढताय?