गोव्यातल्या साखळीत गाडीत पुराचं पाणी शिरलं, वर मुलाने एकदा चावी फिरवली. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परवा पहाटे वाळवंटी नदीचं पाणी आमच्या वाड्यावर आलं. नदीला भिंत झाली, पंप बसले, तेव्हापासून आम्ही निर्धास्त. गाडी नेहमीसारखी उतारावरच. २०२१ च्या जुलैत सत्तरीत आणि खांडेपारला काय झालं ते डोळ्यांनी बघूनही अक्कल आली नाही, दुसरं काय!

गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ६२ हजार किलोमीटर झालेली. पाणी सीटच्या गादीपर्यंत चढलं, डॅशबोर्ड कोरडा राहिला. चार-पाच तास तशीच उभी होती. आत तांबडा गाळ, पायदानात बोटभर.

आता खरी गोष्ट. मी दुकानातला माल वर चढवत होतो, तेवढ्यात मुलाने "बघूया तरी" म्हणून चावी फिरवली. दिवे लागले, एकदा टक् झालं आणि गप्प. मी ओरडत धावलो आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. त्यानंतर हात लावलेला नाही.

विम्याची पॉलिसी फुल आहे, झिरो डेपही आहे, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा कापत नाहीत. पण इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारं जादा कव्हर, नाही. गेल्या वर्षी हजारभर रुपये वाचवायला मीच काढून टाकलं.

गॅरेजमधला माणूस म्हणतो, "विमा कंपनीच्या सर्व्हेअरला सांगा, चावी लावलीच नाही." मुलगा शेजारीच उभा होता. मला काय बोलावं ते सुचेना. खोटं लिहायचं नाहीये, पण खरं लिहिलं तर सगळाच क्लेम जाईल का? आणि त्या एका टक् मध्ये इंजिन गेलं असेल का? चवथीला गावी जायचंय, गाडी लागेलच.

फोंड्याचा फिटर:
दादा, घाबरू नका. इंजिन चालू असताना पाणी ओढलं गेलं की मोडतोड होते. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या स्टार्टरच्या जोराने असं सहसा होत नाही. तुमचा टक् कदाचित सोलेनॉइडचाच, म्हणजे स्टार्टरच्या विजेच्या खटक्याचाच, असेल, ओल्या बॅटरीत दम नव्हता एवढंच. पण आता परत चावी नको, धक्का स्टार्ट तर मुळीच नको. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. तो कोरडा दिसला म्हणून सुटलो समजू नका, उभ्या गाडीत पाणी सायलेन्सरच्या बाजूनेही चढतं. चारही स्पार्क प्लग काढायला लावा आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पान्याने हाताने फिरवून बघा. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. इंजिन ऑइल, गिअर ऑइल दोन्ही बदला. ओढून नेणार असाल तर रिकव्हरी व्हॅनवर चढवून न्या.

क्लेमच्या कामात वीस वर्षं काढलेला:
खरंच लिहा. सर्व्हेअर इंजिन उघडून घेतो, वाकलेला रॉड बोलतो. आणि खोटं सापडलं तर कंपनीला पूर्ण क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. पाण्यात उभ्या गाडीचं जे नुकसान झालं, म्हणजे वायरिंग, सीट, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, स्टार्टर, ते साध्या ओन डॅमेजमध्येच, म्हणजे पॉलिसीतल्या आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, येतं. चावी फिरवल्याने जे मोडलं, त्यालाच कंपनी 'परिणामी नुकसान' म्हणून कात्री लावते. इंजिन प्रोटेक्ट त्याच्यासाठी असतं, झिरो डेपचा तिथे उपयोग नाही. गाळ धुण्याआधी पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू देऊ नका. खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. खर्च अगदीच थोडा निघाला तर मात्र क्लेमच करू नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, शून्यावर येतो, ते गणित आधी मांडा.

म्हापसेकर:
इंजिनाचं होईल हो, खरा त्रास कार्पेटचा. खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो, वरून सुकलेलं दिसतं. आमच्या गाडीत दोन महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागला. त्याचा मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली, कनेक्टर हिरवा पडलेला. सीट काढा, कार्पेट बाहेर काढा, प्रत्येक कनेक्टर साफ करून घ्या. आणि सीटबेल्टच्या रिळात गाळ बसलाय का तेही बघा.

धागाकर्ता, पाच दिवसांनी:
सर्वांचे आभार. फिटरबाब, तुमचं बरोबर ठरलं. फिल्टर कोरडा, पण तिसऱ्या प्लगच्या भोकातून तांबडं पाणी आलं. क्रँक हाताने मोकळा फिरतो, ऑइल पांढुरकं झालंय. हे सगळं सर्व्हेअरसमोरच उघडलं. "चावी लावली होती का?" असं त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "मी फिरवली, एकदाच." त्यांनी तसंच लिहून घेतलं. इंजिनाचं काय ठरवतात ते कळायचंय, बाकीचं बसेल म्हणाले.

आता अडलंय ते कार्पेटवर. तीन दिवस बाल्कनीत टांगलंय, पाऊस थांबत नाही, काल त्याला बुरशी धरली. डिचोली-साखळीकडे कोणाकडे पंखा लावता येईल अशी बंद शेड आहे का? आठवडाभर पुरे.