रोज १०० किमी कशाला?
तुम्ही दोघं अलिबाग ते गोवा सायकलने रोज १०० किमी म्हणताय, पण कोकणात किमी मोजून काही खरं नाही हो, प्रत्येक खाडीला उतार नि लगेच घाट, आम्ही दोघं ६० वरच गार पडायचो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत सायकली चढतात, तेवढीच पायांना विश्रांती. तारकर्लीला मात्र एक अख्खा दिवस ठेवाच, स्कुबा करा (पावसाळ्यात बंद असतं). बायको आधी नाही नाही म्हणत होती, नंतर पाण्यातून बाहेर यायलाच तयार नाही! आणि ब्रेक पॅड जास्तीचे घ्या, आमचे कुणकेश्वरच्या आधीच संपले, उतारावर चालत गेलो.