मदत हवी आहे: वेबब्राउझर कंट्रोल काढून वेबव्ह्यू२ टाकला, क्लायंटकडे नुसती पांढरी स्क्रीन

सातारी_कोड
मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, सोमवारी काउंटर उघडायच्या आत हे चालू व्हायला हवंय. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आहे, पावती आणि खातेउतारा एचटीएमएलमध्ये बनतो आणि आजवर फॉर्मवरच्या जुन्या वेबब्राउझर कंट्रोलमध्ये दिसायचा. आता संस्थेला पावतीचं नवीन डिझाइन हवं होतं, ते सीएसएस ग्रिड (पानावर रकाने-ओळी मांडायची नवी पद्धत) वापरून केलं तर जुन्या कंट्रोलमध्ये सगळ्या रकमा एकाखाली एक येऊन पडतात, म्हणून तो काढला आणि मायक्रोसॉफ्टचा नवीन, एज ब्राउझरच्या इंजिनवर चालणारा वेबव्ह्यू२ टाकला. माझ्या मशीनवर एकदम व्यवस्थित दिसतं. क्लायंटकडे सेटअप टाकला की पावतीच्या जागी पांढरा चौकोन. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. काय करू?

जुना_व्हीबीवाला
विंडोज कुठलं, भाषा कुठली, फ्रेमवर्क कुठलं, क्लायंटच्या मशीनवर वेबव्ह्यू२चा रनटाइम (तो चालायला लागणारा वेगळा भाग) टाकलाय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. विंडोज ११ वर तो आधीच असतो, १० वर बहुतेक मशीनवर असतो पण असेलच असं धरून चालू नका.

सातारी_कोड
व्हीबी डॉटनेट, विनफॉर्म्स, फ्रेमवर्क ४.८. रनटाइम आहे, कंट्रोल पॅनलमध्ये दिसतोय, तो विषय नाही. विंडोज १० आहे सगळीकडे.

सोलापुरी_चादर
एवढा उपद्व्याप कशाला? जुना कंट्रोल आयई७ (इंटरनेट एक्स्प्लोरर ७) च्या मोडमध्ये चालतो म्हणून विस्कटतंय. रजिस्ट्रीत फीचर ब्राउझर एम्युलेशनखाली तुमच्या ईएक्सईचं नाव टाका आणि किंमत ११००१ द्या, आयई११ च्या मोडमध्ये चालेल, कोडची एक ओळ बदलावी लागणार नाही. आम्ही अजूनही असंच चालवतोय.

निळीशाई
@सोलापुरी_चादर, हा सल्ला आता देऊ नका हो. आयई११ १५ जून २०२२ ला निवृत्त झालं. आणि आयई११ मध्ये सीएसएस ग्रिडचं जुनं अर्धवट रूपच आहे, -एमएस- लावून लिहावं लागतं, त्यामुळे यांची पावती तिथेही विस्कटणारच.

सोलापुरी_चादर
निवृत्त झालं ते ब्राउझर, खालचं एमएसएचटीएमएल इंजिन विंडोजमध्ये आहेच, एजचा आयई मोड त्यावरच चालतो आणि तो २०२९ पर्यंत तरी ठेवणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. चालू धंद्यात चालणारी गोष्ट मोडायची नसते. ग्रिड काढा, टेबल वापरा, पावतीला काय एवढं डिझाइन लागतं.

कोडवाली_कोल्हापूर
ग्रिड की टेबल हे नंतर बघा, आधी त्यांची स्क्रीन का पांढरी येते ते शोधूया. @सातारी_कोड, एचटीएमएल कंट्रोलला देता कुठे? इनिशियलायझेशनकम्प्लीटेड इव्हेंटमध्ये (कंट्रोल उभा करायचा प्रयत्न संपला की येतो तो) देत असाल तर तिथे ई डॉट इजसक्सेस तपासता का? आणि ईएक्सई क्लायंटकडे कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

सातारी_कोड
हो त्याच इव्हेंटमध्ये नेव्हिगेटटूस्ट्रिंग करतो, ट्राय-कॅच आहे, कॅच रिकामा आहे. ईएक्सई प्रोग्राम फाइल्समध्येच, सेटअप तिथेच टाकतो ना. फोल्डरचा काय संबंध?

कोडवाली_कोल्हापूर
संबंध आहे, तोच असणार. वेबव्ह्यू२ ला स्वतःचा युजर डेटा फोल्डर लागतो, कुकी, कॅश वगैरे ठेवायला. तुम्ही जागा सांगितली नाही तर तो ईएक्सईच्या शेजारीच बनवायला जातो, नाव असतं ईएक्सईचं नाव आणि पुढे डॉट वेबव्ह्यू२. तुमच्या मशीनवर बिन-डीबगमधून चालतं, तिथे लिहायची परवानगी आहे. काउंटरवरचा युजर अ‍ॅडमिन नाही, प्रोग्राम फाइल्समध्ये त्याला लिहिता येत नाही, कंट्रोल उभाच राहत नाही. कॅचमध्ये इनिशियलायझेशनएक्सेप्शन लॉग करून बघा, अ‍ॅक्सेस डिनाइड मिळेल, शेवटी ८००७०००५.

न्यूजर्सीकर
इकडे आमच्या कंपनीत हे सगळं सोडून सरळ वेब अ‍ॅप केलं. डेस्कटॉप ठेवायचा अट्टाहास का? एकदा सर्व्हरवर टाकलं की प्रत्येक काउंटरवर सेटअप टाकत फिरायला नको.

जुना_व्हीबीवाला
तालुक्याच्या गावात दुपारी नेट गेलं की ठेवी घ्यायच्या थांबवायच्या का? सोमवारपर्यंत अख्खं सॉफ्टवेअर वेबवर कसं न्यायचं तेही सांगा.

सातारी_कोड
@कोडवाली_कोल्हापूर ताई, बरोब्बर ८००७०००५ आला!! मग फोल्डर लोकल अ‍ॅपडेटामध्ये दिला, क्रिएटअसिंकला पाथ दिला आणि डॉट रिझल्ट करून एन्व्हायर्नमेंट (कंट्रोलच्या सेटिंगचा ऑब्जेक्ट) घेतलं फॉर्म लोडमध्ये. आता फॉर्म उघडतो आणि तिथेच गोठतो, टास्क मॅनेजरमधून मारावा लागतो. माझ्या मशीनवर पण!

निळीशाई
डॉट रिझल्ट आणि डॉट वेट दोन्ही काढा. क्रिएटअसिंकचं उत्तर यूआय थ्रेडच्या (फॉर्म चालवणारा मुख्य थ्रेड) मेसेज लूपमधूनच येतं, आणि तुम्ही तोच थ्रेड उत्तराची वाट बघत अडवून धरलाय, दोघंही एकमेकांसाठी थांबलेत. लोड इव्हेंटला असिंक सब करा, आधी अवेट क्रिएटअसिंक, मग ते एन्व्हायर्नमेंट देऊन अवेट एन्शुअरकोअरवेबव्ह्यू२असिंक, त्यानंतरच नेव्हिगेट.

कोडवाली_कोल्हापूर
आणि डिझाइनरमध्ये सोर्स प्रॉपर्टीत काही भरलं असेल तर पुसा. सोर्स भरलेला असला की कंट्रोल आपणहून डीफॉल्ट जागेवर सुरू होतो आणि मग तुमचं वेगळं एन्व्हायर्नमेंट दिलं की आर्ग्युमेंट एक्सेप्शन. यात माझा पूर्ण शनिवार गेला होता.

पावसाळी
पासबुक पण यातूनच छापणार का? पासबुक प्रिंटरला एचटीएमएल पाठवूच नका, ओळी सरकतात. डॉट मॅट्रिक्सला सरळ कंट्रोल कोड पाठवायचे, आम्ही तसंच करतो, ओळीत ओळ बसते.

सातारी_कोड
पासबुकचं विचारलेलंच नाही, ते वेगळं आहे आणि नीट चालू आहे. @निळीशाई जमलं, पावती दिसली. पण आता नवीन तीन गोष्टी. संस्थेचा लोगो येत नाही, पाथ सी ड्राइव्हचा आहे आणि बरोबर आहे. पावतीवरच्या बटणाला विंडो डॉट एक्सटर्नल (पानावरून प्रोग्रामला हाक मारायची जुनी सोय) लिहिलं होतं ते काही करत नाही. आणि पानावरून रक्कम वाचतो ती सीडेकमध्ये (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) टाकली की कन्व्हर्जन एरर, लॉगमध्ये रक्कम बरोबर दिसते १५०० अशी.

जुना_व्हीबीवाला
लॉगमध्ये १५०० च्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं आहेत का बघा. एक्झिक्युटस्क्रिप्टअसिंक उत्तर जेसनमध्ये (डेटा मजकुरात लिहायचा ठरलेला नमुना) देतो, म्हणजे स्ट्रिंग असेल तर अवतरणासकट येते. ट्रिम करत बसू नका, नावात दुहेरी अवतरण किंवा \ आला की फसाल, जेसन पार्सरमधूनच काढा. बटणासाठी अ‍ॅडहोस्टऑब्जेक्टटूस्क्रिप्ट वापरा, जुन्या ऑब्जेक्टफॉरस्क्रिप्टिंगची जागा त्यानेच घेतलीय, तुमचा क्लास कॉमव्हिजिबल असेलच.

निळीशाई
एका बटणासाठी होस्ट ऑब्जेक्ट नको, जावास्क्रिप्टच्या बाजूने प्रत्येक कॉल एरवी प्रॉमिस होऊन येतो, म्हणजे उत्तर लगेच हातात पडत नाही, टेम्प्लेटमधला जुना कोड तसाच चालणार नाही. विंडो डॉट क्रोम डॉट वेबव्ह्यू डॉट पोस्टमेसेज करा आणि इकडे वेबमेसेजरिसीव्ह्ड पकडा. दोन ओळींचं काम.

जुना_व्हीबीवाला
एका बटणाला चालेल. आमच्या फॉर्मवर चाळीसएक मेथड पानावरून बोलावल्या जातात, तिथे प्रत्येकीसाठी मेसेज ओळखत बसणं म्हणजे सिलेक्ट केसची माळच. ज्याला जे झेपेल ते.

कोडवाली_कोल्हापूर
लोगो: नेव्हिगेटटूस्ट्रिंगने दिलेल्या पानाला डिस्कवरच्या फाइल उघडू देत नाहीत. सेटव्हर्च्युअलहोस्टनेमटूफोल्डरमॅपिंग करा, एखादं खोटं होस्टनाव द्या, चित्रांचा फोल्डर जोडा, अ‍ॅक्सेस अलाऊ ठेवा आणि इमेजचा पाथ त्या होस्टनावाने पूर्ण लिहा. शिवाय नेव्हिगेटटूस्ट्रिंगला २ एमबीची मर्यादा आहे. पावतीला पुरेल, पण वर्षाचा खातेउतारा मोठा झाला तर फाइलमध्ये लिहून त्याच होस्टनावाने उघडा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि मेटा चारसेट टाका, नाहीतर मराठीचा चुराडा होईल.

विदर्भातून
मराठीवरून आठवलं, आमच्याकडे जुना सगळा डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला आहे, तो वेबव्ह्यू२ मध्ये दिसेल का? कन्व्हर्टर कुठला चांगला?

सातारी_कोड
लोगो आला, रक्कम आली, बटण पोस्टमेसेजने केलं. प्रिंटचं राहिलं, जुन्या कंट्रोलला डॉट प्रिंट होतं, इथे ते नाहीच. आणि एक काउंटर विंडोज ७ निघालं, तिथे काहीच उघडत नाही.

जुना_व्हीबीवाला
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं विंडोज कुठलं. ७ आणि ८.१ साठी रनटाइमची शेवटची आवृत्ती १०९, त्यानंतरच्या तिथे चालत नाहीत. १०९ टाकून तात्पुरतं चालेल, पण सुरक्षेचे अपडेट नाहीत आणि या मशीनवर लोकांच्या ठेवींचे आकडे आहेत, संस्थेला ते लेखी कळवा आणि मशीन बदलायला लावा. आणि नवीन एसडीकेमधली (प्रोग्रामरने वापरायचा वेबव्ह्यू२चा संच) प्रत्येक सोय १०९ मध्ये असेलच असं नाही, ते काउंटर वेगळं तपासा.

निळीशाई
प्रिंटसाठी शोप्रिंटयूआय केलं तर डायलॉग येतो, काउंटरवर दर पावतीला तो नको असेल तर प्रिंटअसिंक. क्रिएटप्रिंटसेटिंग्जने सेटिंग घ्या, प्रिंटरचं नाव द्या, मार्जिन इंचात असतात हे लक्षात ठेवा. आणि प्रिंट नेव्हिगेशनकम्प्लीटेड आल्यानंतरच द्या, आधी दिलीत तर कोरा कागद निघतो.

सोलापुरी_चादर
एवढं सगळं करण्यापेक्षा माझी एक रजिस्ट्री की होती.

सातारी_कोड
@सोलापुरी_चादर दादा, संस्थेने डिझाइन मंजूर केलंय, टेबलवर परत जाता येणार नाही. प्रिंटअसिंकने पावती निघाली, मार्जिन ०.२ ठेवलं. विंडोज ७ वाल्या काउंटरला सोमवारी जुनंच सॉफ्टवेअर ठेवतोय, मशीनचं पत्र संचालकांना देतो. ताई आणि निळीशाई, खूप आभार.

विदर्भातून
माझ्या फॉन्टच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही.

कोडवाली_कोल्हापूर
वेगळा धागा काढा, फॉन्टचं नेमकं नाव आणि एखादी ओळ जशी साठवलीय तशी त्यात टाका. फॉन्टनुसार मॅपिंग बदलतं, त्याशिवाय कुठला कन्व्हर्टर चालेल ते सांगता येणार नाही.