‘मोक्ष’ नको, ‘तारण’च ठेवा

फ्रेंच संगीतकार पुलँकचा ‘डायलॉग्ज दे कार्मेलीत’ हा ख्रिस्ती नन्सवरचा ऑपेरा इंदूरला मराठीत करायचा तर त्यातल्या ‘साल्व्हेशन’ला सरळ मोक्ष म्हणा, असं कुणी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो. या नन्सच्या श्रद्धेत फेराच नाही. एकच जन्म, मग देवासमोर उभं राहायचं. म्हणून तर ऑपेरातली वृद्ध मठाधिपती मरताना एवढी घाबरते! मराठी बायबलात ‘तारण’ हा नेमका शब्द आहे, तोच ठेवा.

गायचं मात्र मराठीतच. संहिता फ्रेंच असूनही १९५७ साली मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहातला पहिला प्रयोग इटालियनमध्ये झाला, कारण प्रेक्षकांच्या भाषेत गावं ही पुलँकचीच इच्छा होती.

आणि शेवट. १७ जुलै १७९४ ला पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या मठातल्या १६ स्त्रियांचा शिरच्छेद झाला, त्यावर हा ऑपेरा बेतलाय. ‘साल्वे रेजिना’ हे मारियेचं लॅटिन स्तोत्र गात त्या गिलोटिनकडे जातात, पातं पडतं तसा एकेक आवाज कमी होत जातो. घाव ठरावीक मात्रेवर पडत नाहीत, हे फार महत्त्वाचं.

रामबागेत आमच्या भजनी मंडळातल्या अकरा जणींना घेऊन मी हे करून पाहिलं. मी पाटावर ठोकळा आपटला की एकीनं थांबायचं. शेवटी फक्त पेटीवाल्या काकूंचा आवाज उरला, तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. टाळ मांडीवर तसेच पडलेले. इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात प्रयोग करताना गिलोटिन उभारूच नका. काळा पडदा आणि तो आवाज पुरे.