मेलाटोनिन 3 की 10? सोसायटी ग्रुपवरचं उत्तर

सुलभाताई (ए-302): झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या 3 मिलिग्रॅमने फरक पडत नसेल तर 10 ची गोळी चालते का?

डॉ. मेधा (बी-101): नको, ताई. ही गुंगीची गोळी नव्हे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला कळतं, रात्र झाली. बाहेरून घेतलेली गोळीही तेवढंच सांगते. त्यामुळे डोसपेक्षा वेळ चुकण्याचाच प्रकार जास्त.
समजा झोप रोज रात्री 2 वाजता लागते, पण एकदा लागली की छान लागते. अशांना 0.5 ते 1 मिलिग्रॅम, तेही नेहमीच्या झोपेच्या 4-5 तास आधी, म्हणजे रात्री 9-10 वाजता. पलंगावर पडताना घेतली तर शरीराचं घड्याळ फारसं मागे येत नाही, म्हणजे झोप लवकर येत नाही, सकाळी घेतली तर उलट आणखी पुढे ढकललं जातं. सोबत उठल्याबरोबर उजेड आणि गोळीनंतर दिवे मंद, नाहीतर डोळ्यांवरचा प्रकाश सगळं धुऊन टाकतो. गोळीनंतर गाडी चालवायची नाही.

निखिल (सी-204, फार्मासिस्ट): आणि मध्यरात्री जाग येत असेल तर साधी गोळी निरुपयोगी, तासाभरात रक्तातली पातळी निम्मी होते. त्यासाठी 2 मिलिग्रॅमची प्रोलाँग्ड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) गोळी असते, मुख्यतः 55 च्या पुढच्यांसाठी. जेवणानंतर, झोपण्याआधी 1-2 तास, अख्खी गिळायची. तोडली की सगळं औषध एकदम सुटतं.
फ्लुवोक्झामाइन (नैराश्य, ओसीडीवरचं औषध) चालू असेल तर मेलाटोनिन बंदच. यकृतात ते मोडणारं एन्झाइम अडतं आणि पातळी कितीतरी पट चढते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

सुलभाताई: गमीज घेतल्या तर? त्यावर डोस लिहिलेला असतो.

निखिल: लिहिलेला असतो, आत असेलच असं नाही 🙂 कॅनडात 2017 मध्ये 31 उत्पादनं तपासली. कुठे लेबलपेक्षा 83% कमी, कुठे 478% जास्त. आठांत तर सेरोटोनिनही सापडलं.

डॉ. मेधा: महिनोन्‌महिने झोप येत नसेल तर मेलाटोनिन हा पहिला उपाय नाहीच. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांच्या निद्रानाशासाठी ते सुचवलेलं नाही. अशा निद्रानाशावर आधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती: उठण्याची वेळ पक्की, झोप नसेल तर पलंग सोडायचा. आणि मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर आधी स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी).