ऑनलाइन थेरपिस्ट कसा निवडलात? प्रोफाइल वाचून वाचून डोकं भंजाळलंय

उन्हातली_मांजर
नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

तर गेले तीन-चार महिने माझं काहीतरी बिनसलंय. पहाटे चारला टक्क जाग येते, छातीत धडधड, मग झोप नाहीच, आणि दिवसा कामाचा एकच मेल पाच-पाच वेळा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. रडू वगैरे येत नाही, उलट कशाचंच काही वाटत नाही. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ सगळं तपासलं, सगळं नॉर्मल, मग तेच म्हणाले की एकदा थेरपिस्टशी बोला. मला ऑनलाइनच हवंय कारण कामाच्या वेळा विचित्र आहेत आणि खरं सांगायचं तर क्लिनिकच्या बाकावर कोणी ओळखीचं भेटलं तर काय ही भीती आहेच.

गाडी अडलीय निवडण्यावर. तीन आठवडे झाले, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे आहेत आणि रोज रात्री मी तेच तेच वाचते. सगळ्यांचे फोटो हसरे, सगळ्यांकडे 'सेफ स्पेस', आणि सगळेच चिंता, नैराश्य, नातेसंबंध, ट्रॉमा, करिअर असं सगळं करतात, एका माणसाला इतकं सगळं येतं का हो? वर ती अक्षरं, सीबीटी, डीबीटी, ॲक्ट, ईएमडीआर. माणूस खरा आहे की दोन वीकेंडचा कोर्स करून बसलाय हे कसं ओळखायचं? व्हिडिओवर खरंच उपयोग होतो का? घरात भिंती पातळ, आई शेजारच्या खोलीत, तिला अजून काही सांगितलेलं नाही, तर बोलायचं कुठे बसून?

आणि एक, मला मराठीतच बोलायचंय. इंग्रजीत मी फार शहाण्यासारखी बोलते, त्यामुळे खरं काही बाहेरच येत नाही.

रात्रपाळी
तुझे वीस टॅब वाचून हसू आलं कारण माझे सत्तावीस होते. सगळ्यात आधी ते बंद कर, तीन ठेव. प्रोफाइल वाचून माणूस कळत नाही, लग्नाच्या बायोडेटावरून कळतो तेवढाच कळतो.

मी दोन बदलले, तिसऱ्यांकडे टिकलो. पहिले गृहस्थ सेशन चालू असताना खाली कुठेतरी बघत होते, चष्म्यात मोबाइलचा उजेड दिसत होता चक्क, मी वडिलांबद्दल बोलतोय आणि यांचा अंगठा हलतोय. दुसऱ्या बाई चांगल्या होत्या पण दर वेळी दहाव्या मिनिटाला सल्ला, योगा करा, डायरी लिहा, माफ करून टाका, ते सांगायला घरचे होते की. तिसऱ्यांच्या वेळी शहाणा झालो. बरेच जण आधी पंधरा-वीस मिनिटांचा ओळखीचा कॉल देतात, तो मागायचा, आणि त्यात आपली कहाणी सांगत बसायची नाही, आपण विचारायचं. मी एकच प्रश्न धरून बसलो होतो, माझ्यासारखा त्रास असलेली माणसं तुमच्याकडे येतात तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर नक्की करता काय? पहिल्या दोघांना हे विचारलं असतं तर 'आपण बोलू, मन मोकळं होईल' असलं काहीतरी ऐकायला मिळालं असतं. तिसऱ्या बाई म्हणाल्या की पहिली दोन-तीन सेशन्स मी खूप विचारणार, मग काय बदलायचंय ते आपण दोघं मिळून लिहून काढू, मधल्या आठवड्यात करायला काहीतरी देईन, आणि सहाव्या सेशनला थांबून बघू की फरक पडतोय का, नसेल पडत तर पद्धत बदलू नाहीतर दुसरं कोणी सुचवीन. 'दुसरं कोणी सुचवीन' म्हणाल्या तिथेच मी ठरवलं.

कोरा_कागद
वरच्या प्रतिसादाला +१. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, धाग्यावर निदान करत नाही आणि कृपया व्यनिमध्ये (खासगी निरोपात) केस पाठवू नका, पण शोधायचं कसं त्याबद्दल थोडं लिहिते.

मांजर, आधी माणसांचे प्रकार. सायकायट्रिस्ट म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, औषधं ते लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण मानसिक आजारांचं मोजमाप आणि थेरपीचं असतं. काउन्सेलर उत्तम असू शकतो, पण त्या शब्दामागे किती शिक्षण लागतं हे देशागणिक बदलतं, आणि 'कोच' म्हणवून घ्यायला तर बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. म्हणून पदवी कुठली, नोंदणी कुठल्या संस्थेकडे, नंबर काय हे सरळ विचारायचं आणि त्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधायचं. विचारल्याचा राग येणारा माणूस असेल तर उत्तर तिथेच मिळालं. दुसरं, तुम्ही जिथे बसून बोलता तिथे त्यांना काम करायची परवानगी आहे का, हेही विचारा, परदेशात असलेल्यांना हे हमखास आडवं येतं, मराठी बोलणारी थेरपिस्ट सापडते पण तिचं लायसन्स तिथे चालत नाही.

आता अक्षरं. सीबीटी म्हणजे विचार, भावना आणि वागणं यांची साखळी पकडून ती बदलायची, ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही वाट घालून दिली. डीबीटी मार्शा लिनेहान यांची, मुळात स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या लोकांसाठी तयार झाली. ईएमडीआर १९८७पासूनची, डोळ्यांच्या हालचाली करत त्रासदायक आठवणींवर काम करायची, ती ट्रॉमासाठी. ॲक्टमध्ये नको ते विचार हाकलत बसण्यापेक्षा त्यांच्यासकट आपल्याला महत्त्वाच्या गोष्टी कशा करायच्या ते शिकतात. ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहणं, असेल तर ईआरपी (भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि ती कृती करायची नाही, ही पद्धत) येते का हे आवर्जून विचारायचं, नुसत्या गप्पांनी ओसीडी हलत नाही. आणि ज्यांची मुख्य तक्रार झोपच आहे त्यांच्यासाठी सीबीटी-आय म्हणून वेगळी पद्धत आहे, जुन्या निद्रानाशाला गोळ्यांच्याही आधी ती सुचवतात. प्रोफाइलवर आठ पद्धती लिहिल्या असतील तर त्यातली रोज वापरता ती कुठली, एवढं विचारा.

व्हिडिओचा उपयोग होतो. नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरची सीबीटी समोरासमोरच्या इतकीच काम करते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण भास होणं, कोणी मागावर आहे असं वाटणं, खाण्याचे गंभीर विकार, किंवा जीव द्यायचे विचार जोरात असणं, यात फक्त ऑनलाइनवर विसंबू नये. मांजर, तुला काहीच वाटत नाही असं लिहिलंयस म्हणून स्पष्टच विचारते, जगणं नको असं वाटतं का? तसं वाटत असेल तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, आजच घरातल्या कोणाला तरी सांग आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तुमच्याकडच्या हेल्पलाइनला फोन कर.

चांगली ऑनलाइन थेरपिस्ट सेशनच्या सुरुवातीला तू आत्ता कुठे बसलीयस हे विचारेल आणि अडीनडीला कोणाला फोन करायचा त्याचा नंबर घेऊन ठेवेल. याला घाबरू नको, मधेच काही झालं आणि नेट गेलं तर मदत कुठे पाठवायची हे तिला माहीत हवं ना. गुप्तता कुठे संपते हेही ती पहिल्याच दिवशी सांगेल, म्हणजे जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश वगैरे. हे कोणी सांगितलंच नाही तर खटकायला हवं.

खडूस_काका
सगळं ठीक आहे पण एवढा खटाटोप कशाला? आमच्या वेळी मित्राला गाठायचो, दोन तास बोलायचो, मोकळे. आणि या ॲपवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या ॲपचं प्रकरण विसरलात का, २०२३ साली अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांच्यावर ठपका ठेवला की लोकांनी भरलेल्या प्रश्नावलीतली माहिती, इमेल वगैरे जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिली, ७८ लाख डॉलरवर तडजोड झाली. हल्ली तर लोक चॅटबॉटलाच मनातलं सांगतात म्हणे. तेही जुनंच खूळ, १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला, तो तुमचंच वाक्य उलटवून तुम्हालाच प्रश्न विचारायचा, आणि त्यांची सेक्रेटरी त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का, मला याच्याशी एकटीला बोलायचंय. तुमची सगळ्यांची गत ती.

रात्रपाळी
काका, ॲपबद्दल शंभर टक्के मान्य, म्हणूनच मी ॲप सोडून थेट माणसाकडे गेलो. टोपणनाव चालत असेल तर ते वापरावं, प्रश्नावलीत गरजेपुरतंच भरावं, आणि सेशन रेकॉर्ड होतं का, नोट्स कुठे ठेवता हे विचारावं. पण मित्राचं म्हणाल तर, मित्र माझी बाजू घेतो हो. मला कोणीतरी 'थांब, मागच्या आठवड्यातही तू हेच वाक्य बोललास' म्हणणारं हवं होतं. शिवाय मित्राला दर मंगळवारी पन्नास मिनिटं तेच रडगाणं ऐकवलं तर मैत्री किती दिवस टिकेल?

खडूस_काका
हं. ते एक आहे.

पाटी_पेन्सिल
जागेचं मी सांगते, दोन वर्षं याच भानगडीत काढलीत. बंद गाडी असेल तर तिच्यासारखी जागा नाही, मात्र मोबाइल स्टँडला लाव, मांडीवर धरलास तर समोरच्याला तासभर तुझी हनुवटी दिसते. (आणि गाडी उभी हवी. हे लिहावं लागतंय कारण मी एकदा चालवताना जॉइन झाले होते, बाईंनी सेशन बंद केलं, बरोबरच केलं.) घरात बसलीस तर इअरफोन कायम, म्हणजे निदान समोरच्याचं कोणाला ऐकू येत नाही, आणि दाराबाहेर पंखा नाहीतर रेडिओ लावून ठेव, आपला आवाज त्यात विरतो. काही थेरपिस्ट फिरता फिरता नुसत्या फोनवरही घेतात. आम्ही एक खुणेचं वाक्य ठरवलं होतं, मी 'रिपोर्ट उद्या पाठवते' म्हटलं की कोणीतरी खोलीत आलंय, मग बाई लगेच हवापाण्यावर यायच्या. नेट गेलं तर कोणी कोणाला फोन करायचा तेही आधीच ठरव, नाहीतर ऐन रडताना चक्री फिरत बसते आणि दोघी एकमेकींना फोन लावत राहतात, दोन्हीकडे एंगेज.

अजून एक, सेशन संपल्या संपल्या लगेच ऑफिसचा कॉल ठेवू नकोस. क्लिनिकमधून घरी येईपर्यंत जो वेळ मिळतो तो इथे मिळत नाही, लॅपटॉप मिटला की तू पुन्हा त्याच खोलीत. मी दहा मिनिटं जिन्यात बसते.

कोरा_कागद
पाटी_पेन्सिल, जिन्याचं अगदी खरंय, मी माझ्या लोकांना आता हे सांगणार.

मांजर, राहिलं ते एक, पहिल्या सेशनला काय बोलायचं सुचत नसेल तर वर लिहिलेला तुझा पहिला परिच्छेद तसाच वाचून दाखव, उत्तम आहे. आणि पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, ० ते २७ गुण. ते निदान नाही, पण सुरुवातीला भरलीस आणि दर महिन्याला पुन्हा भरलीस तर फरक पडतोय का हे आकड्यात दिसतं, नुसतं 'बरं वाटतंय बहुतेक' यावर राहत नाही.

उन्हातली_मांजर
इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. कोरा_कागद, नाही, जगणं नको असं वाटत नाही, पण विचारलंत ते बरं वाटलं, आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काल रात्री टॅब बंद केले. तीन जणींना मराठीत मेल केले, चार ओळींचे. एकीचं उत्तर नाही. एकीने लिहिलं की सध्या जागा नाही आणि दोन नावं दिली. तिसरीशी गुरुवारी पंधरा मिनिटांचा कॉल ठरलाय, नोंदणीचा नंबर मागितला तर तिने लगेच पाठवला, यादीत सापडली. रात्रपाळी, तुझा प्रश्न चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलाय.

एक मूर्ख शंका, पहिल्या कॉलला कॅमेरा बंद ठेवला तर चालतं का?

पाटी_पेन्सिल
चालतं की, सुरुवातीलाच सांगून टाक. मी पहिले तीन बंदच ठेवले होते, चौथ्याला चुकून चालू झाला.