उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचलं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-४०१ दादा: दुपारी बाहेर निघायची सोय नाही, कूलरसमोर बसून कादंबऱ्या वाचून राहिलो. काल नंदा खरेंची ‘उद्या’ संपली. पटली, पण आवडली नाही.

ए-२०३ काकू: हे काय रे नवीन? पटली पण आवडली नाही?

बी-४०१ दादा: विचार पटले काकू. माणसांवर पाळत, मोठ्या कंपन्यांचं राज्य, सगळं समोर दिसूनच राहिलं. २०१४ ची कादंबरी आहे हे विसरायला होते. पण पात्रं डोक्यात राहत नाहीत. कोणीही तोंड उघडलं की लेखकच बोलतो.

सी-१०४ भाऊ: साहित्य अकादमी पुरस्कार नाकारला ते हेच न?

ए-२०३ काकू: हो, २०२० चा, याच कादंबरीसाठी. समाजानं मला पुष्कळ दिलं, काही वर्षांपासून मी पुरस्कार घेत नाही, म्हणाले आणि विषय संपवला. नागपूरचा माणूस, पेशानं सिव्हिल इंजिनियर. २०२२ मध्ये गेले.

दादा, ‘उद्या’वरून खरेंना मोजू नको. ‘अंताजीची बखर’ वाच. मी यंदा परत काढली.

नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या आपण शाळेत दोन ओळींत उरकल्या. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान, त्यानं रघुजीराजांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकरांना बोलणीला बोलावलं आणि दग्यानं मारलं. १७५१ मध्ये तह झाला, वर्षाला १२ लाख चौथाई ठरली. पुढचा धडा. इथं हा काळ सांगतो अंताजी, एक नंबरचा लबाड, आधी स्वतःचा जीव सांभाळणारा. तो शूर नाही म्हणूनच मजा आहे. शूर माणूस सांगायला बसला की लढाईच सांगतो. याचं लक्ष पैसा कुठून कुठं चालला, कोण कोणाला विकला गेला, इकडं. त्यामुळे प्लासीच्या लढाईपर्यंत, म्हणजे १७५७ पर्यंत येता येता इंग्रज कसे शिरले ते आपोआप कळत जाते, कोणी समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीची पानं जड जातात, बखरीच्या वळणाची भाषा आहे. आणि लेखकाला माहिती आवरत नाही, ही खोड ‘उद्या’तही आहे. पण इथं ती अंताजीच्या फुशारकीत खपून जाते.

ए-१०२ आजोबा: वाचलेली नाही, वाचायची इच्छाही नाही. २०२५ मध्ये सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजीराजांची तलवार परत मिळवली, आणि आपण त्यांच्या फौजेतल्या भित्र्या माणसाचं कौतुक करायचं? कटकपर्यंत राज्य नेलं नागपूरकरांनी. त्यावर लिहा म्हणावं.

सी-१०४ भाऊ: आजोबा, माफ करा, पण नोकरीत असताना मी कोलकात्याला होतो. तिथं आया लेकरांना झोपवताना म्हणतात, झोप, बर्गी आले. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. शेजारच्या आजींना मी नागपूरचा म्हणून सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, म्हणजे तुम्हीच ते! मी काय बोलू जी?

ए-१०२ आजोबा: फौज जाते तिथं असं होतंच. सगळ्यांच्या फौजा तशाच.

ए-२०३ काकू: अंताजी हेच म्हणतो काका, फक्त लाज न बाळगता. आणि कटक कादंबरी वाचल्यानं परत जात नाही.

बी-४०१ दादा: 😄

सी-३०१: टाकीत पाणी आलं का कोणाकडे?

बी-२०२ ताई: आमच्याकडे आलं.

माझं मत वेगळं आहे. इतिहास राहू द्या, ‘बारोमास’ वाचा. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, सदानंद देशमुख तिकडचेच. एकनाथ एवढा शिकलेला, पण मास्तरकीसाठी मोजायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकला. सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. मला त्याची बायको अलका दिसत राहिली. नोकरीवाला मिळेल म्हणून आलेली, मिळाला शेतकरी. तिला भांडखोर म्हणून सोडून देणारे बरेच भेटले मला. अहो, तिनं काय करायला पाहिजे होतं? माझ्या दोन मैत्रिणींची हीच गोष्ट आहे, आणि त्या भांडल्या नाहीत, नुसत्या वाळत गेल्या.

ए-२०३ काकू: मी पण तिला भांडखोरच समजत होते ग. पण लेखक तिच्या बाजूनं कमी बोलतो, असं नाही वाटत?

बी-२०२ ताई: कमी बोलतो, पण तिचं तोंड दाबत नाही. घरातलं भांडण वऱ्हाडीत जसं पेटते तसंच पेटू देतो. २००४ चा अकादमी पुरस्कार उगाच नाही मिळाला.

बी-४०१ दादा: ताई, तुमची प्रत द्या. काकू, ‘बखर’ पण पाहिजे.

ए-२०३ काकू: ‘बखर’ आधी ए-१०२ ला जाईल. काका, संध्याकाळी पाठवते.

ए-१०२ आजोबा: पाठवा. पण चुका काढून समासात लिहीन, पेन्सिलनं.

ए-२०३ काकू: लिहा न, बिनधास्त. मग दादाला दोन कादंबऱ्या वाचायला मिळतील.